सतरा घरांचं सप्तक

इमारतीत घरं सतरा, पण दारावरच्या घंट्या सगळ्या एकाच ठोक खरेदीतल्या, आणि भिंती पुठ्ठ्याच्या म्हणाव्यात अशा. कुठेही टिंगटाँग झालं की सतरा दारं उघडत आणि त्यातली सोळा कपाळाला आठ्या घालून मिटत.

नऊ नंबरचे पेटीवाले, म्हणजे हार्मोनियम जुळवण्यात हयात घालवलेले मास्तर, मात्र प्रत्येक घंटीला तत्परतेने उठत. समोर दहा नंबरात त्यांची मुलगी राहायची. तीन वर्षांपूर्वी तिने शिष्यांदेखत सांगितलं होतं की बाबांचा कान आता उतरला. तेव्हापासून बोलणं बंद. पण दारं उघडली की दिवसातून आठ-दहा वेळा ती दिसायची. तीही बघायची. मग दोघं दार लावून घेत.

एका सभेत ठराव आला: प्रत्येक घराच्या घंटीला वेगळा सूर. काम अर्थातच पेटीवाल्यांच्या गळ्यात पडलं. सप्तकात सूर बाराच, उरलेल्या पाच घरांना वरच्या सप्तकात जावं लागेल, असं त्यांनी समजावलं. सतरा नंबरच्या शिंपीणबाईंनी विचारलं, आम्हीच का उपरे? अध्यक्ष जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. खालचा सा आणि वरचा सा यांच्यात जागा किती, एवढंच त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता तिचे सतरा सारखे तुकडे पाडून दिले. कोणाला बोटभर जास्त नाही, कोणाला कमी नाही.

"असे सूर आपल्या कुठल्याच गाण्यात नाहीत," पेटीवाले म्हणाले.

"घंटी वाजवायची आहे, मास्तर. गायचं कोणाला आहे?"

पेटीवाल्यांनी सतरा पितळी पट्ट्या कापल्या. पट्टी टोकाला घासली की सूर चढतो, मधोमध घासली की उतरतो. महिनाभर कानस चालली. प्रत्येक पट्टीगणिक ते मुलीला उत्तर देत होते.

घंट्या लागल्या तशा कुरबुरी सुरू झाल्या. सहा नंबरचे वकील कुठल्याही सभेत बाजू घेत नसत. त्यांच्या वाट्याला आलेला गंधार ना कोमल होता ना शुद्ध. अकराच्या दातांच्या डॉक्टरणीला जवळजवळ अस्सल पंचम मिळाला, म्हणून वशिल्याची चर्चा झाली. तोही इतरांइतका बिघडवावा असा अर्ज आला. पंचम गणितानेच तिथे पडतो, हे कोणाला पटेना.

शिवाय शेजारशेजारचे सूर लोकांना वेगळे ओळखू येईनात. घंटी वाजली की तिचं दार आणि मागचं-पुढचं एकेक दार उघडे. सतरावरून तीनवर आलो, असं अध्यक्षांनी इतिवृत्तात लिहवून घेतलं.

फक्त नऊ आणि दहा ही दारं कधीच चुकत नव्हती. बापलेकीचे कान एकाच साच्यातले. पंधरा दिवसांत मुलगी एकदाही दिसली नाही, तेव्हा आपण किती चोख काम केलं हे पेटीवाल्यांच्या लक्षात आलं.

त्यांनी चुकायचं ठरवलं. ते सोपं नव्हतं. दहाची घंटी वाजे, ते उठत, कडीला हात लावत आणि परत येऊन बसत. सगळ्या आयुष्यात जाणूनबुजून एक सूर चुकवलेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहा नंबरची घंटी वाजली. त्यांनी कडी काढली. समोर मुलगी, बाजूला अकराची डॉक्टरीण, मध्ये कुरिअरवाला.

"दहाची होती, बाबा," मुलगी म्हणाली.

"मला नऊची वाटली." त्यांनी घसा साफ केला. "कान उतरलाय माझा."

केसाएवढ्या फरकासाठी दिवस-दिवस कानस चालवणाऱ्या माणसाकडे ती बघत राहिली.

"आत या," ती म्हणाली. "किती उतरलाय ते बघू."

मागे कुरिअरवाला सांगत होता की त्याचंच बटण चुकलं, पार्सल अकराचं आहे.