शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं

विक्रेत्याने तीन फोन कंपन्यांची पत्रकं टेबलावर मांडली. थोरलीने त्यातलं एक उचललं आणि त्याने वारा घेतला. शाळेत शिकवून घरी येऊन तिला पाच मिनिटंही झाली नव्हती. आतल्या खोलीत आईने आज तिसऱ्यांदा कपाट रिकामं केलं होतं, घड्या घालायला.

"ही लाइन घ्या मॅडम. परदेशातला माणूस शेजारच्या खोलीतून बोलतोय असं वाटेल. कुजबुजसुद्धा ऐकू येते."

"याहून जरा कमी चांगली नाही का?"

असं गिऱ्हाईक त्याला जन्मात भेटलं नसावं.

परदेशातल्या धाकट्या भावाने महिनाभर लकडा लावला होता, ताई, ती खरखरणारी लाइन बदल, आईचं धड ऐकू येत नाही. पण त्या खरखरीच्याच आडोशाने थोरलीचं निभावत होतं. मागच्या वर्षी आईने फोनवर त्याला 'कोण तुम्ही?' विचारलं, तेव्हा तिने घाईने फोन बंद करून लाइन तुटल्याचं सांगितलं होतं. पुढच्या रविवारी आईच्या आवाजात तीच बोलली. जरा खोकत, शब्द ओढत. खरं कळलं तर दोन वर्षं सुटी न मिळणारा भाऊ तिकडे एकटा झुरेल, याची तिला भीती वाटली होती. तेव्हापासून दर रविवारी तेच. आईचं न्हाणंधुणं करण्यापेक्षा ही दहा मिनिटांची आई होणं तिला जड जात होतं. ती पार थकली होती.

"आधी बोलून तर बघा," म्हणत विक्रेत्याने स्वतःजवळचं यंत्र जोडलं आणि फोनशेजारी लिहून ठेवलेला भावाचा नंबर फिरवला. "लागला!" त्याने रिसीव्हर तिच्या हाती दिला.

"ताई?" आवाज इतका जवळून आला की ती दचकली. "आईला दे ना."

थोरलीने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला आणि खोकली. विक्रेता टकामका बघत राहिला.

"बोल रे बाळा."

तिकडे त्याने सोडलेला सुस्काराही स्पष्ट ऐकू आला. आपलं बिंग फुटलं हे तिला कळलं, आणि लाज वाटायच्या आधी हायसंच वाटलं.

"ताई," धाकटा हळूच म्हणाला, "आईने मला कधी बाळा म्हटलंय? गधड्याच म्हणायची. मला पहिल्याच रविवारी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू इतकी जीव तोडून बोलत होतीस. कसं सांगणार? आता पुरे. तिच्याच कानाला लाव फोन. नाही ओळखलं तरी चालेल."

थोरलीला रडू आवरेना. तशीच ती आत गेली. मागून विक्रेता मुकाट्याने वायर सोडत आला. पलंगावर कपड्यांच्या ढिगाऱ्यात बसलेल्या आईच्या कानाला तिने रिसीव्हर धरला. दोघांचंही बोलणं तिला लख्ख ऐकू येत होतं.

"कोण बोलतंय?" आईने विचारलं.

तिकडून धाकटा अदबीने म्हणाला,

"फोन कंपनीतून बोलतोय, आजी. आवाज नीट येतोय ना?"

"येतोय की. छान येतोय." आईने मांडीवरच्या टॉवेलची घडी दाबून सारखी केली. "आमचा धाकटा लांब असतो हो. त्याच्यासाठी लाइन घ्यायचीय. मध्येच तुटत नाही ना?"

"नाही तुटत, आजी," तो म्हणाला. "घ्या तुम्ही."