बाराव्या पिशवीचा पट्टा

अल्लाउद्दीननं सकाळी सातला दुकानाची फळी काढली, कात्रीसाठी खिळ्याकडं हात नेला आणि हात तसाच राहिला. कात्रीमागं एक चिठ्ठी लटकत होती.

दुकानाचा रिवाज तीस वर्षांचा. पोस्टमनची पिशवी असो की शिकाऱ्याचं जाकीट, माल कच्च्या टाक्यावर असेपर्यंत चिठ्ठी खिळ्याला. गिऱ्हाईक येऊन अंगाला लावून बघणार, मग पक्का टाका, आणि मगच चिठ्ठी डब्यात. अकरा चिठ्ठ्या डब्यात होत्या. ही बारावी. तिच्यावर नावसुद्धा नव्हतं. म्हणजे बाराव्या पिशवीचे पट्टे नुसते टाचलेले, आणि कच्च्या टाक्याचा पांढरा दोरा संपला म्हणून खाकी दोऱ्यानं टाचलेले. बघणाऱ्याला पक्केच वाटणार.



हे सगळं त्या माहितीपटापायी. कॉलेजात शिकवणाऱ्या जोतीरामनं महिन्यापूर्वी तो आणून दाखवला होता. हिमालयात चार महिने पायी चालणारी माणसं, पाठीवर घरदार. बघून पोरापोरींच्या अंगात वारं भरलं. पन्हाळ्यावरनं विशाळगडापर्यंत तसंच चालत जायचं ठरलं. पण तसल्या पिशव्या कोल्हापुरात कुठल्या मिळायला? म्हणून जोतीरामनं अल्लाउद्दीनला पडद्यापुढं नेऊन बसवलं. चित्र जरा थांबवा म्हटलं तर मशीनवाला ऐकेना. दिव्यापुढं फिल्म जळते म्हणाला. मग तीनदा बघावा लागला. शेजारी त्याची लेक जरीना, बी.ए.ला होती, ती वहीत पट्ट्यांची चित्रं काढत होती. एका अरुंद कड्यावर पडद्यावरच्या गड्याची पिशवी एका अंगाला कलली आणि तो तोल जाऊन दरीकडं झुकला, तेव्हा जरीनानं बापाचं मनगट घट्ट धरलं. तिन्ही खेपेला धरलं. अल्लाउद्दीनचं सगळं लक्ष पट्ट्यात.

परवा जोतीराम सांगत आला, आणखी एकजण वाढलंय. मापाला मात्र यायला जमणार नाही म्हणाला. काल जुम्म्याच्या नमाजाला अल्लाउद्दीन गेला, तेवढ्यात त्यानं पिशव्या नेल्या. जरीनानंच काढून दिल्या, दुकान बंद केलं आणि ती दुपारच्या गाडीनं पेठ वडगावला खालाकडं, म्हणजे मावशीकडं गेली. मंडळी रात्री पन्हाळ्यावर मुक्काम करून आज नऊला राजदिंडीच्या वाटेनं गड उतरणार होती. उभी उतरण, निसरडी खडी. तिथं पट्टा सुटला तर माणूस पिशवीबरोबर खाली जाणार.

कात्री, दाभण, मेण लावलेला दोरा आणि ती चिठ्ठी त्यानं खिशात कोंबली. घरी बायकोला, अमीरबीला सांगायलासुद्धा थांबला नाही. पन्हाळ्याची गाडी मिळाली, पण केर्लीजवळ उसाच्या बैलगाड्यांनी रस्ता अडवला. तो उठून दाराशी जाऊन उभा राहिला.

"पावणं, बसा की," कंडक्टर म्हणाला. "तुमी हुबं ऱ्हायल्यानं गाडी पळत न्हाय."

तो बसला नाही.

राजदिंडीशी पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. पुढची माणसं वळणाआड गेली होती. सगळ्यांच्या मागं एकजण पहिल्या पायरीवर पाय ठेवत होतं, डोक्याला रुमाल बांधलेला. डावा पट्टा बोटभर उसवून तिरका झाला होता. आपला टाका अल्लाउद्दीननं लांबूनच ओळखला. पळत जाऊन त्यानं पिशवी दोन्ही हातांनी धरली.

"थांब. हालू नको."

रुमालवाल्यानं मान वळवली. ती जरीना होती.

खालून जोतीराम धावत वर आला. चूक माझी आहे, असं काहीतरी म्हणायला लागला. अल्लाउद्दीनला ऐकूच येईना. त्याला असा संताप आला की कानशिलं तापली. वडगाव म्हणून सांगितलं होतं पोरीनं, त्याच्या तोंडावर. त्यानं कात्री काढली आणि उरलेले कच्चे टाके कचाकच तोडले. पट्टा सुटून त्याच्या हातात आला. आता हिला दंडाला धरायचं आणि गाडीत बसवायचं, एवढंच काम राहिलं होतं.

जरीना रडली नाही. तिनं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"तुमच्या शेजारी बसून तीनदा बघितलंय, अब्बा," ती म्हणाली. "एकदा जाऊ द्या की."

अल्लाउद्दीननं हातातला पट्टा सरळ केला. मग त्यानं तो तिच्या खांद्यावर धरून बघितला.

"इथं टोचतंय काय?"

"न्हाय."

"खोटं बोलू नको."

"थोडं टोचतंय."

त्यानं पट्टा दोन बोटं खाली घेतला. पिशवी उतरवून मांडीवर घेतली, दाभणात मेणाचा दोरा ओवला. चौकोन घातला, चौकोनात फुली, आणि वर आणखी एक फुली. दुसरा पट्टाही उसवून तसाच शिवला. टाका सरळ पडला. जोतीरामनं एकदा घड्याळ बघितलं.

दातानं दोरा तोडून त्यानं पिशवी तिच्या पाठीवर चढवली आणि दोन्ही पट्ट्यांना जोरात हिसका देऊन बघितला.

"वडगावला जाऊन खालाला सांगून ठेवतो," तो म्हणाला. "सोमवारपर्यंत तू तिच्याकडंच हायस."

ती वळणाआड जाईपर्यंत तो तिथंच उभा होता. मग त्यानं खिशातली चिठ्ठी काढली, दगडावर ठेवून पेन्सिलीनं तिच्यावर नाव घातलं आणि खालची गाडी किती वाजता आहे ते विचारत स्टँडाकडं निघाला.