हात आपटला की सोडायचं

इगाराशी मास्तरांनी छत्तीस वर्षं जपानातल्या मुराकामी गावच्या शाळेत ज्यूदो शिकवला. निवृत्त झाल्यावर दाबून धरायला कोणी उरलं नाही, म्हणून त्यांनी कुत्र्याला धरलं. असं त्यांची बायको फुमिए म्हणायची, आणि ती काही फार खोटं बोलत नव्हती.

कुत्रा तांबूस रंगाचा, शिबा जातीचा, नाव गेन. गेल्या एप्रिलमध्ये गावातली सगळी कुत्री रेबीजची लस टोचून घ्यायला समाजमंदिराच्या अंगणात जमली, तेव्हा गेनने नगरपालिकेच्या कारकुनाचं मनगट दातांत धरलं. सगळ्या गावासमोर मास्तरांची मान खाली गेली. शेजाऱ्याने सांगितलं, कुत्रा कळपातला प्राणी, पुढारी कोण ते त्याला एकदा दाखवून द्यावं लागतं. मास्तरांना हे लगेच पटलं, कारण मुळात ते त्यांना पटलेलंच होतं.

मग रोज जेवणाआधी ते गेनला उताणा पाडायचे, छातीवर हात रोवायचे आणि मोठ्याने तीसपर्यंत मोजायचे. गेन गुरगुरला की पुन्हा एकपासून. हिवाळ्यापर्यंत गुरगुरणं बंद झालं. मास्तर छाती फुगवून सगळ्यांना सांगू लागले की कुत्रा सुधारला. ते आंघोळीला गेले की फुमिए गेनला वाळवलेल्या रताळ्याचे तुकडे भरवायची, आणि तो तिच्या पायात घोटाळत राहायचा. बिचाऱ्याला घरात तेवढाच आधार होता.

मार्चमध्ये मुलगी मिनोरी बाळंतपणाला माहेरी आली. तिसऱ्याच दिवशी तिच्या हातून चमचा पडला, तो उचलायला ती गेनच्या ताटलीजवळ वाकली, आणि गेनने हूं की चूं न करता झडप घातली. बाही फाटली. हाताला लागलं नाही हे नशीब.

"बाबा, मला या घरात बाळ आणायचंय," मिनोरी म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मास्तर घाबरले. "यंदाच्या लसीच्या दिवशी त्याने कुणालाही दात लावला तर तो मामाच्या चहाच्या मळ्यात जाईल. साखळीला. नाहीतर मी परत जाते."

लसीला दहा दिवस होते. मास्तर गेनला घेऊन तडक हासेबेच्या दवाखान्यात गेले. ही जनावरांची डॉक्टरीण एकेकाळी त्यांच्याच हाताखाली ज्यूदो शिकलेली.

"तोंडाला बांधायची जाळी दे," मास्तर म्हणाले. "तसा मी त्याला रोज वठणीवर आणतोय. बघ." आणि त्यांनी तिथेच फरशीवर गेनला उताणा पाडला.

हासेबे उकिडवी बसून बघत राहिली. "सर, कधीपासून चाललंय हे?"

"वर्ष झालं. हट्टी आहे. अजून एकदाही शरण आला नाही."

"आत्ता माझ्यासमोर चारदा आला की. आधी त्याला सोडा." मास्तरांनी हात काढला. "त्याने तोंड फिरवलं, ओठ चाटले, कान मागे पाडले, जांभई दिली. ती झोपेची जांभई नव्हती, सर. त्याला हार मानायला चटईवर हात आपटता येत नाही, म्हणून तो हे करतो. गुरगुरून पण सांगून बघितलं असेल ना त्याने?"

"तेव्हा मी जास्त दाबलं."

"मग त्याने सांगणंच सोडलं. आता त्याच्याकडे दातच उरलेत."

मास्तर बाकावर बसले. ज्यूदोच्या पहिल्या दिवशी ते प्रत्येक पोराला एकच नियम सांगत. समोरच्याने हात आपटला की त्या क्षणी सोडायचं. एकदा त्यांच्या सगळ्यात तयार मुलाने हात आपटल्यावरही पकड जरा जास्त ठेवली होती. मास्तरांनी त्याला वर्षभर संघाबाहेर बसवलं, आईबाप रडत आले तरी ऐकलं नाही. हासेबे त्याच वर्गात होती. आज तिच्यासमोर त्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आणि कळपाचा पुढारी?" त्यांनी उगाच विचारून पाहिलं.

"सर, आम्ही तुमचं ऐकायचो ते तुम्ही सोडायचात म्हणून."

त्या दिवसापासून उताणा पाडणं बंद झालं. मास्तर गेनपासून हातभर अंतरावर, पाठ वळवून बसायचे आणि रताळ्याचा तुकडा मागे सरकवायचे. सहा दिवस तुकडा तिथेच पडून राहिला. सातव्या दिवशी तळहाताला ओलं नाक लागलं, आणि मास्तरांनी मान न वळवता फुमिएला हळूच हाक मारली.

लसीच्या दिवशी अंगणात वीसेक कुत्री होती. कारकुनाने या वर्षी कोपरापर्यंत चामडी हातमोजे चढवले होते. रांगेत चौथा नंबर आला तसं गेनने तोंड फिरवलं, ओठ चाटले. मास्तर रांगेतून बाहेर पडले.

"काय सर, घाबरलात?" कारकून हसला.

"तो नको म्हणतोय. आम्ही शेवटी उभे राहतो."

लोक बघत होते. त्यातले निम्मे ज्यूदोत त्यांच्याकडून आपटून घेतलेले. मास्तरांचे कान लाल झाले, पण ते कुंपणापर्यंत गेले, गेनला माती हुंगू दिली, परत आले. गेनने पुन्हा कान पाडले, ते पुन्हा फिरले. असं तीनदा झालं. मिनोरी पोटावर हात ठेवून बाकावरून सगळं पाहत होती.

अखेर अंगण रिकामं झालं. लस टोचणारी हासेबे समोरून न येता बाजूला येऊन बसली. गेनचं नाक मास्तरांच्या तळहातात, रताळ्यात. सुई आत गेली तेव्हा तो किंचित कुईं करून पुन्हा चघळू लागला. कारकुनाने हातमोजे काढून यादीवर खूण केली आणि मास्तरांना वाकून नमस्कार केला.

परतताना मास्तरांनी गेनची दोरी धरून मिनोरीला गाठलं. "मग, मामाला काय कळवायचं?" त्यांनी विचारलं.

"काही नको." मिनोरी दोन पावलं चालली. "बाबा, ज्यूदोच्या वर्गात मी हात आपटला की तुम्ही सोडायचात. घरी कुठे आपटायचा तेच मला कधी कळलं नाही."

मास्तर थांबले. त्यांना खूप काही आठवलं: तिने बंद केलेला पियानो, जेवणाच्या वेळी खाली घातलेली तिची मान, अठराव्या वर्षी तिने भरलेली बॅग. तिचं गप्प राहणं आपण शहाणपण समजत होतो, याची त्यांना भर रस्त्यात लाज वाटली.

"मला दिसलं नाही गं," ते म्हणाले. "दिसायला हवं होतं."

तिने डोळे पुसले, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि हात पुढे केला.

"द्या इकडे दोरी," ती म्हणाली. "दमलात तुम्ही."