शेवटच्या कप्प्यातली बाई

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. नाक मुरडू नका. छत्र्यांनी, पाटीपेन्सिलींनी, शाळेच्या घंटांनी आपापल्या कहाण्या सांगून तुमचे कान किटवले असतील, आणि फाईलची कसली आली कहाणी, असं तुम्हाला वाटत असेल. पण घरातली माणसं जे तोंडाने बोलत नाहीत ते कागदावर लिहितात आणि माझ्या पोटात टाकतात. त्यामुळे मला पुष्कळ गोष्टी ठाऊक आहेत. त्यातल्या काही ठाऊक नसत्या तर बरं झालं असतं.

माझा जन्म पुठ्ठ्याच्या कारखान्यातला. अंग निळं, पोटात पेटीच्या भात्यासारखे उघडणारे सात कप्पे, आणि मिटून बसायला एक काळं इलॅस्टिक. दुकानात मी बरेच महिने धूळ खात पडले होते. मग एका दुपारी एक बाई आली. तिने मला उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि नवऱ्याला म्हणाली, "हीच घेऊ या. तुमच्या कागदांचा नुसता उकिरडा झालाय." नवरा हसला आणि त्याने मला काखोटीला मारलं.

ही दोघं दूरच्या मुलखातून इथे येऊन राहिलेली. अशा माणसांकडे भांडी कमी आणि कागद फार असतात. बाईने घरी येताच कात्रीने पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक कप्प्यावर एकेक चिकटवली. घर. वीज-पाणी. नोकरी. प्रवास. दवाखाना. इतर. आणि सगळ्यात मागे, सातव्या कप्प्यावर, माझे. तिच्या 'झ'ची शेपटी इतकी लांब की पट्टीबाहेर माझ्या पुठ्ठ्यावर उतरली होती. ती अजून तिथेच आहे. त्या कप्प्यात तिने मैत्रिणीची चार पत्रं ठेवली आणि शाळेत असताना लांब उडीत दुसरी आल्याचं प्रमाणपत्र ठेवलं. सहावा कप्पा मात्र रिकामाच राहिला. तिच्या हाताखाली कुठलाच कागद 'इतर' नसायचा.

नवरा कपडे धुण्याच्या मोठ्या कारखान्यात इस्त्रीखात्यात होता. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या ओल्या चादरी तापलेल्या रुळांतून दिवसभर सरकवायच्या, हे त्याचं काम. मनगटावर भाजल्याचे डाग पडलेले. कारखान्याच्या तळमजल्यावर आरोग्यविम्याची एक खिडकी होती आणि खिडकीमागे एक चष्मेवाली बाई बसायची. माझी खरी नोकरी सुरू झाली ती त्या खिडकीवरच, कारण घरातली बाई आजारी पडली आणि 'दवाखाना' हा कप्पा बघता बघता फुगला. मी दर आठवड्याला खिडकीवर जायची. चष्मेवाली माझे कप्पे बघून रांगेतल्या लोकांना म्हणायची, "कागद असे लावावेत! शिका जरा." मला आभाळ ठेंगणं व्हायचं. लाज वाटते सांगायला, पण त्या दिवसांत मी खूश होते. कागद वाढत होते आणि ते का वाढताहेत याचा विचार मी करत नव्हते.

मग एक दिवस ते वाढायचे थांबले. नवऱ्याने एकच कागद आणला, मृत्यूचा दाखला. तो कुठल्या कप्प्यात ठेवायचा हे त्याला कळेना. माझ्यापुढे तो कितीतरी वेळ बसून राहिला आणि शेवटी त्याने तो 'माझे'मध्ये ठेवला.

आता मित्रांनो, नीट ऐका, कारण सगळी गाठ इथे पडली. तीन आठवड्यांनी विम्याचा वार्षिक कागद आला. कुटुंबात काही बदल असल्यास लिहा, नसल्यास 'बदल नाही' या चौकटीत खूण करा. तो मला घेऊन खिडकीवर गेला. दाखला माझ्या पोटात होता. चष्मेवालीने मान वर केली आणि नेहमीसारखंच विचारलं, "बाई कशा आहेत?"

आणि वर्षभराच्या सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "बरी आहे."

चष्मेवालीचा चेहरा खुलला. "चला, बरं झालं! त्यांना माझा नमस्कार सांगा." मागे रांग होती. त्याने 'बदल नाही'वर खूण केली आणि सही ठोकली.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्याने माझा सातवा कप्पा दोन बोटांनी उघडला आणि आत बघून हळूच म्हणाला, "नमस्कार सांगितलाय तुला."

मी नुसती फाईल. पण माझा पुठ्ठा शहारला.

पुढे दर वर्षी तेच. दर वर्षी तिच्या नावाचं नवं कार्ड यायचं, दर वर्षी खिडकीवर "कशा आहेत?" आणि "बरी आहे". एकदा तर त्याने "गुडघे दुखतात जरा" असंही सांगितलं. घरी आला की निरोप पोचवायचा आणि मला कपाटावर टाकायचा. एकूण पाच कार्डं माझ्या पोटात जमली. बाकी वर्षभर माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. माझा कणा उसवला, इलॅस्टिक सैल पडलं. दुपारी रिकाम्या घरात कधीकधी मला भास व्हायचा की कुणीतरी पट्ट्यांवरून बोट फिरवतंय, घर, वीज-पाणी, नोकरी, असं मोजत. पंख्याचा वारा असेल. पण पंखा तर बंद असायचा.

सहाव्या वर्षी त्याने पुन्हा लग्न केलं. परदेशाहून बायकोला आणायचं म्हणजे परवान्याच्या कचेरीत पहिल्या बायकोचा दाखला दाखवावा लागतो. तो त्याने दाखवला. तिथे काचेखालून कागद सरकवला की झालं, तोंडाने काही म्हणावं लागत नाही.

दुसरी बायको आली ती दोन पिशव्या आणि गोळ्यांची एक डबी घेऊन. लहानपणी तापाने तिच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. रोज एक पांढरी गोळी घेतली की ठणठणीत, पण चुकली की छाती धडधडायला लागायची. डबीत महिन्याच्या गोळ्या होत्या. पुढच्या गोळ्यांना इथल्या डॉक्टरची चिठ्ठी हवी, आणि विम्याशिवाय इथल्या डॉक्टरच्या पायरीवर पाय ठेवणं त्यांच्या ऐपतीबाहेरचं. नियमही तितकाच सरळ होता. बायको देशात आल्यापासून तीस दिवसांच्या आत तिचं नाव नवऱ्याच्या विम्यात घालायचं. मुदत टळली की वर्षभर थांबायचं.

"एवढंच ना," नवरा म्हणाला, "माझं तर रोजचं जाणं-येणं आहे खिडकीवरून."

चौथ्या दिवशी तो नवा अर्ज माझ्यात घालून खिडकीवर गेला. चष्मेवाली म्हणाली, "अरे वा, आज कसे काय? बाई कशा आहेत?"

"बरी आहे," तो म्हणाला आणि तसाच परत फिरला.

अकराव्या दिवशी गेला. परत आला. अठराव्या दिवशी रांगेत अर्धा तास उभा राहिला आणि नंबर आल्यावर मागच्याला पुढे सोडलं. घरी मात्र "होतंय काम, इथे सगळं सावकाशच चालतं" असं सांगत राहिला. अर्जाची घडी माझ्या पोटात मऊ पडत चालली.

बायको शिवणकाम करणारी होती. रिकामं बसवेना म्हणून तिने एकदा मला कपाटावरून काढलं, झटकलं आणि माझा उसवलेला कणा जाड दोऱ्याने टाके घालून शिवला. किती वर्षांनी कुणी मला मायेने हात लावला! पट्ट्या बघून ती नवऱ्याला म्हणाली, "ताईंचं अक्षर किती छान होतं, नाही?" तो "हं" म्हणाला. सातवा कप्पा तिने उघडला नाही. दुसऱ्याचं आहे ते, असं म्हणून मला मिटलं.

सत्ताविसाव्या दिवशी डबीत चार गोळ्या उरल्या. नवऱ्याने इस्त्रीखात्यातल्या 'वकिला'ला विचारलं. हा वकील नव्हता, टॉवेलांच्या घड्या घालायचा, पण पगारापासून पेन्शनपर्यंत कशावरही सल्ला द्यायचा म्हणून सगळे त्याला वकील म्हणत. तो संध्याकाळी घरी आला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "जुन्या वहिनींचं कार्ड आहे ना घरात? त्यावर फोटो नसतो. ह्या वहिनींना पाठव की त्याच नावावर. हाय काय नि नाय काय!"

नवऱ्याने बायकोकडे बघितलं नाही. कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "फक्त एकदा," तो म्हणाला. "गोळ्या मिळेपर्यंत."

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. मला छातीशी धरलं होतं. कार्ड टेबलावर दिलं, आणि रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसली. समोरच्या भिंतीवर घड्याळ, शेजारी एक खोकणारे आजोबा. थोड्या वेळाने नर्स दारात आली आणि तिने नाव पुकारलं.

मित्रांनो, ते नाव मी पाच वर्षांत मोठ्याने ऐकलं नव्हतं. घरात ते कुणी घेतच नसे. माझ्या सातव्या कप्प्यातली पत्रं सरसरली, खोटं नाही सांगत. मला वाटलं, आता कुणीतरी उठून उभं राहणार. खुर्चीवरची बाई नव्हे, दुसरीच कुणीतरी.

कुणी उठलं नाही. नर्सने पुन्हा नाव घेतलं. बायकोचं हृदय माझ्या पुठ्ठ्यावर बडवत होतं. तिने मला आणखी घट्ट धरलं. तिसऱ्यांदा नाव घेऊन नर्स जवळ आली. "तुम्हीच ना बाई? फार वर्षांनी आलात. वजन बघू या आधी."

"नाही," ती म्हणाली. "मी ती नाही. त्या येणार नाहीत." आणि कार्ड परत घेऊन ती चालत घरी आली.

नवरा कामावरून आला तेव्हा ती टेबलाशी बसली होती. मी तिच्यासमोर, सातवा कप्पा उघडा. पाचही कार्डं ओळीने मांडलेली, शेजारी दाखला.

"अहो, दवाखान्यात तुम्ही मला पाठवलंत की त्यांना?"

तो खाली बसला. मग त्याने सगळं सांगितलं, बरी आहे, नमस्कार, गुडघेदुखी, सगळं. "एकदा बोलून गेलो गं. मग दर वर्षी वाटायचं, मी खरं सांगितलं की ती त्याच दिवशी मरेल. माझ्या तोंडून." तो लहान पोरासारखा रडला. तिलाही रडू आलं. तिला राग आला होता, तो तिने लपवला नाही. "मी जिवंत आहे हो," ती म्हणाली. "माझ्या गोळ्या संपत आल्यात." मग तिने कार्डं गोळा केली, नीट रचली आणि कप्प्यात ठेवली. दाखला मात्र पुढे, अर्जाला लावून ठेवला. "खिडकी परवापर्यंतच आहे ना? मी येते."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, म्हणून तिसावा दिवस उजाडला. डबीत एक गोळी. खिडकी चारला बंद व्हायची, आणि त्यांचा नंबर आला तेव्हा चष्मेवाली पडदा ओढायच्या बेतात होती. याला बघून थांबली. "या, या! आणि बाई कशा आहेत?"

मी त्याच्या हातात होते. "बरी..." त्याने सुरुवात केली. शेजारी उभी बायको त्याच्याकडे बघत राहिली.

"नाही," तो म्हणाला. "ती गेली. पाच वर्षं झाली."

चष्मेवालीने चष्मा काढला. रांगेत कुणीतरी खोकलं. "अहो, पण..." ती म्हणाली. "मी तर दर वर्षी त्यांना नमस्कार..."

"पोचवला मी," तो म्हणाला. "दर वेळी."

तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग तिने एक कागद पुढे सरकवला. त्यावर दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत काढायचं नाव, खालच्या ओळीत घालायचं. वरची भरल्याशिवाय खालची भरता येत नाही. त्याने पेन उचललं आणि पेन तिथेच थांबलं. घड्याळात चारला पाच कमी. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, आटपा की!"

बायको मागे वळली. "पाच वर्षं लागलीत त्यांना," ती म्हणाली. "पाच मिनिटं आणखी द्या."

चष्मेवालीने हात लांब करून 'बंद'ची पाटी उलटी केली, खिडकी उघडीच ठेवली आणि बसून राहिली. त्याने नाव लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर. मग खालची ओळ भरली. शिक्का पडला तेव्हा मी दचकले. इतक्या वर्षांत शिक्क्याचा आवाज मला कधी एवढा मोठा वाटला नव्हता.

तिला विम्याचा तात्पुरता कागद तिथेच मिळाला, दुसऱ्या दिवशी गोळ्या मिळाल्या. पंधरा दिवसांनी नवं कार्ड आलं. "कुठे ठेवू?" तिने विचारलं. त्याने सातवा कप्पा उघडला. "नको," ती म्हणाली. "तिथे त्या आहेत." मग त्याने एक पट्टी कापली, 'इतर'वर चिकटवली आणि पेन तिच्या हातात दिलं. तिने थोडा विचार केला आणि लिहिलं, माझे.

आता माझ्यात दोन कप्प्यांवर एकच शब्द आहे. एक लांब शेपटीचा, एक गोल, ठेंगणा. वार्षिक कागदाचा महिना आला की नवरा अजूनही टपालपेटीत दोनदा हात घालतो. एकच पाकीट येतं, आताच्या बायकोच्या नावाचं. तो ते उलटसुलट करून बघतो, मग बायकोला देतो. आणि रिकाम्या दुपारी माझ्या पट्ट्यांवरून अजून कुणीतरी बोट फिरवतं. पूर्वी ते सातव्याशी थांबायचं. आता आधी सहाव्याशी थांबतं, जरा वेळ, जणू नवं अक्षर वाचतंय.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी फाईल असेल तर तिला धुळीत टाकू नका. कधीतरी उघडा, उसवली तर दोन टाके घाला. आणि एखादा कागद खिडकीवर द्यायचा राहून गेला असेल, तर घरातल्या मोठ्यांचा हात धरा आणि त्यांच्याबरोबर रांगेत उभे राहा. एकट्याने तेवढं चालणं फार अवघड असतं. मी ते पाच वर्षं पाहिलं आहे.