बदललेली बटणं

“केसरमावशी, चांगली बटनं तोडून दुसरी कावून लावायची?”

शिवकन्यानं एकदाचं विचारलं. मागे वळून पाहिलं तर गोदी आणि बाकीच्या दोघी कपड्यांच्या गठ्ठ्याआड तोंडात ओढणी कोंबून बसलेल्या. पैज गोदीचीच होती. केसरबाईंना हा प्रश्न विचारून दाखव, आठवडाभर तुझ्या वाटणीची घागर मी आणीन, असं ती सकाळी टँकरच्या रांगेत म्हणाली होती. लातूरला आगगाडीनं पाणी आलं, तोच तो उन्हाळा. त्याहून मोठी पैज युसूफ वडगावात तेव्हा कुणी लावली नसती.

केसरबाई म्हणजे सावली महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांनी मान वर केली नाही. “तोंडापेक्षा हात चालवावा,” एवढंच म्हणाल्या आणि पुढचा सदरा मांडीवर ओढला. शेजारी मशिनीवर बसलेल्या अमीरबी मात्र गालातल्या गालात हसल्या.

पैज जिंकली, पण उत्तर मिळालं नाही. आणि उत्तर मिळालं नाही की शिवकन्याला चैन पडायचं नाही. आदल्या वर्षापर्यंत ही पोरगी वर्गात नाव विचारलं तरी जमिनीकडे बघायची. जानेवारीत वक्तृत्वात तालुक्यात दुसरी आली, आणि तोंडावरचं झाकण जे उडालं ते पुन्हा सापडलंच नाही.

सगळं चालायचं सोसायटीच्या गोदामात. खताच्या पोत्यांचा वास आला की शिवकन्याला अजूनही ते गोदाम आठवतं. पत्र्याच्या भोकांतून कपड्यांवर पडणारे उन्हाचे रुपये आठवतात. त्या वर्षी गोदाम रिकामंच होतं. पेरायचंच नाही तर खत कोण उचलणार? शिवकन्याचे वडील अर्जुनराव सोसायटीचे चेअरमन. केसरबाईंनी त्यांच्याकडून किल्ली मागून घेतली, आणि सुट्टीत रिकाम्या फिरणाऱ्या पोरींना घरोघर धाडून जुने कपडे गोळा केले. फाटक्याची वाकळ शिवायची. बऱ्यापैकी असेल त्याचं लहानग्याचं झबलं. आणि कपडा धडधाकट असेल तर त्याची बटणं तोडायची, लेस उसवायची, गळ्याची पट्टी बदलायची आणि अमीरबींच्या पिवळ्या डब्यातली दुसरी बटणं लावायची. निळ्या ड्रेसची लाल ड्रेसला, लाल ड्रेसची कुणाच्या तरी सदऱ्याला. घामानं सुई हातातून निसटायची. गोदी म्हणायची, “हे म्हणजे चांगल्या माणसाचे दात पाडून कवळी बसवायलेत.”

वाटपाची तऱ्हाही वेगळी. मांडव नाही, हार नाही, फोटो नाही. दिवस कलला की अमीरबी गाठोडं काखेत मारून निघायच्या आणि ज्याला गरज त्याच्या दारात ठेवून यायच्या.

त्याच आठवड्यात शिवकन्याच्या हातात तिचाच ड्रेस आला. मोरपंखी, पुढे पांढऱ्या हत्तींच्या आकाराची तीन बटणं. गहिनीनाथमामाच्या लग्नात घातलेला, आता दंडात दाटणारा. कात्री हत्तीच्या सोंडेपर्यंत गेली आणि थांबली. कारण कुणी सांगत नाही, मग या हत्तींनी काय पाप केलं? इकडेतिकडे बघून तिनं ड्रेस तसाच घडी करून तयार कपड्यांच्या थप्पीत सरकवला.

चौथ्या दिवशी तो ड्रेस टँकरच्या रांगेत उभा होता.

आत सत्यभामा होती. शिवकन्याच्याच वर्गातली, शहादेव ऊसतोड्याची मुलगी. दर दसऱ्याला आईबाप ऊस तोडायला कारखान्याच्या पट्टीला गेले की ही आजीपाशी राहून शाळा करायची. गणितात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. मोरपंखी रंग तिला असा खुलला होता की शिवकन्याच्या पायात वारंच शिरलं.

“अगं बाई, सत्ते, हा माझा ड्रेस हाय. मामाच्या लग्नातला. किती गोड दिसायलीस. हा तिसरा हत्ती बघ, सैल झालता, मीच टाचलाय.”

तिला खरोखरच आनंद झाला होता. पण रांगेतल्या वीस-पंचवीस माना वळल्या. एक बाई म्हणाली, “चेअरमनच्या पोरीचा व्हय? तरीच म्हणलं.” सत्यभामानं रिकामी घागर रांगेतच ठेवली आणि ती घराकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी गोदामाच्या उंबऱ्यावर मोरपंखी ड्रेस ठेवलेला होता. धुवायला पाणी कुठलं, पण घडी अशी की इस्त्रीनं लाजावं.

शाळा उघडली. दुष्काळ बघून हेडसरांनी गणवेशाची सक्ती काढली होती. असेल ते घाला पण या, असा निरोप त्यांनी वाडी-वस्तीवर धाडला होता. अर्जुनरावांनी तरी लेक नववीत गेली म्हणून केजहून नवा ड्रेस आणला. जांभळा, सोनेरी बटणांचा, बाहीला लेस. सत्यभामाचा बाक मात्र पहिल्या दिवशी मोकळा, दुसऱ्या दिवशीही मोकळा. तिसऱ्या दिवशी गोदीनं बातमी आणली. “सत्ती म्हणती शाळा बास. औंदा दसऱ्याला ती बी जाणार पट्टीला. शहादेवकाका म्हणले, चला, मोळ्या बांधायला दोन हात वाढले.”

शाळा सुटली तशी ती गोदामात गेली. केसरबाई आणि अमीरबी दोघीच होत्या. तिनं रडत सगळं सांगितलं. हत्ती तसेच ठेवले, तेही सांगितलं.

अमीरबींनी मशीन थांबवली. “बस बेटा. तू इचारलतंस ना कावून म्हणून?”

केसरबाई म्हणाल्या, “राहू दे ना अमीर.”

“राहू दे कसं? चव्वेचाळीस वर्षं राहू दिलं.” अमीरबींनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं. “बहात्तरचा दुष्काळ. तुझी माय बी जलमली नव्हती तवा. माझी अम्मी खडी फोडायला जायची. दुपारी पोरांना सुकडी मिळायची, तिची गोडी आजून जिभंवर हाय. अमेरिकेची लाल जवारी यायची, मिलो; भाकर थापली की तव्यावरच चिरायची. पण सांगू का, ते दिवस आठवले की मला भूक आठवत न्हाई, शाळा आठवती. लिंबाखाली वर्ग भरायचा. मी आन् केसर एका तरटावर. माझी पाटी फुटलती, तर हिच्या पाटीची एक बाजू माझी. एका बाजूला ही बाराखडी गिरवायची, मग पाटी पालथी करून मी. सावली सरकली की तरट सरकवायचं. दिवसभर लिंबाभवती फिरायचो आमी, घाण्याच्या बैलावानी.”

दोघी एकदम हसल्या. केसरबाईंना इतकं मोकळं हसताना शिवकन्यानं पहिल्यांदाच पाहिलं. क्षणभर तिथं पन्नाशीतल्या दोन बायका नव्हत्याच. तरटावरच्या दोन पोरी होत्या.

“मग?”

“मग हिच्या आईनं माझ्या अम्मीला हिचा फ्राक दिला. लाल. पुढं काचेची पाच बटनं. मी घालून गेले राणीवानी. आन् ही,” अमीरबींनी सुईनं केसरबाईंकडं दाखवलं, “ही नाचायलाच लागली. माझा फ्राक, माझा फ्राक, म्हणून समद्यांना दाखवायली. लई खूश झालती बिचारी. पोरं हसली. मी घरी गेले ती गेलेच.”

“मी हिच्या दाराला रोज जायची,” केसरबाई हातातल्या सदऱ्याकडे बघत म्हणाल्या. “ही येईना. पाटीवरची हिची बाजू मी वर्षभर पुसली न्हाई.”

“फ्राक काय टाकून देता येतो व्हय, तसल्या दिवसांत? रडून झालं. मग मी ती बटनं तोडली, अब्बाच्या सदऱ्याची लावली, बाह्या आखूड केल्या. शेजारीण म्हणती कशी, नवा फ्राक का गं? तीन वर्षं घातला. पण शाळा तवर गेलती.” अमीरबींनी मशिनीच्या चाकावर हात ठेवला. “बटनं बदलायचं मला एक दिवस उशिरा सुचलं बघ.”

“त्या दिवशी तुला सांगायचं होतं,” केसरबाई शिवकन्याला म्हणाल्या. “पण हे सांगायला तोंड लागतं. ते मला कुठं हाय?”

शिवकन्या तिथून थेट वस्तीवर गेली. सत्यभामा दारात तांदळातले खडे निवडत होती. उठली नाही, पण बस असं म्हणाली.

“माझं चुकलं, सत्ते.”

“तू वाईट बोललीच न्हाईस. बोलली असतीस तर भांडले असते.”

“मग चल ना शाळंत.”

“काय घालून? जे घालीन ते कुणाचं, हेच समदे बघणार.” सत्यभामानं सूप पाखडलं. “बटनं बदलली तरी मला आता तसंच वाटणार. तू घालशील व्हय गठ्ठ्यातला? चेअरमनची पोरगी?”

शिवकन्या आपल्या बाहीची लेस चाचपत राहिली.

“बघ,” सत्यभामा म्हणाली. “तू घालून ये. त्या दिवशी मी बी येते.” म्हणाली खरी, पण अशा सुरात, की ही काय घालते अन् मी काय येते.

त्यानंतरचे दोन दिवस शिवकन्या शाळा सुटली की गोदामात अमीरबींच्या शेजारी बसली. काय करते ते कुणाला दाखवलं नाही. केसरबाईंनी एकदा विचारलं, “घरी इचारलंस का?”

“सांगणार हाय,” ती म्हणाली. विचारणं आणि सांगणं यातला फरक तिला नुकताच कळला होता.

दुसऱ्या संध्याकाळी अर्जुनराव जेवायला बसले, तशी तिनं एक घडी केलेला ड्रेस आणून त्यांच्या शेजारी ठेवला. जांभळा, पांढऱ्या साध्या बटणांचा, गळ्याला करडी पट्टी, बाही आखूड. तिच्या अंगात होता तो खाकी रंगाचा कुडता, कुणाचा कोण जाणे. पुढच्या बटणांतलं एकसुद्धा दुसऱ्यासारखं नव्हतं.

“मंडळाचं काय?” अर्जुनरावांनी डाव्या हातानं कापड चाचपलं. “बरं हाय की. कुणी दिला?”

आईनं भाकरी थापता थापता वळून पाहिलं. जांभळ्या रंगावर तिची नजर थांबली, मग लेकीच्या खाकी कुडत्यावर. केजच्या दुकानात अर्धा तास उभं राहून तिनंच तो रंग निवडला होता. तिचे हात परातीतच राहिले.

“आप्पा,” शिवकन्या म्हणाली, “तुमीच आणलाय तो, केजहून. तुमाला बी वळखू आला न्हाई.”

अर्जुनरावांनी ड्रेस पुन्हा हातात घेतला. बाही बघितली, गळा बघितला. “आन् तू लोकाचं घालणार? चेअरमनच्या घरचं माणूस?”

“हौ. चेअरमनच्या घरची हाय म्हणूनच.”

“अगं पण नवाकोरा…” आई म्हणाली.

वक्तृत्वाच्या वेळी उभी राहायची तशी शिवकन्या उभी राहिली.

“आई, आप्पा, ऐका. हा नवा उद्या मंडळाच्या थप्पीत जाईल. कुणाच्या अंगावर जाईल ते मला बी कळायचं न्हाई, अन् मी बघायला बी जाणार न्हाई. हा जो मी घातलाय, हाच घालून मी शाळंत जाणार हाय, उद्या अन् वर्षभर. गोदी बी तिचा ड्रेस थप्पीत टाकायलीये. अन् सकाळी जरा लवकर निघते मी. सत्तीच्या दारावरनं जायचंय.”