धुतलेल्या पायांची परात

मी परात बोलतेय. पितळेची, चार बोटं काठाची, आता जागोजागी पोचे आलेली. भिंतीला टेकून बोलते, राग मानू नका. अंगात त्राण उरलेलं नाही.

कारागिराने मला ठोकून ठोकून घडवलं, तेव्हा वाटलं होतं की आयुष्यभर कणीक मळून घ्यायची. पण एका कुटुंबाने वडिलांच्या आठवणीसाठी मला चर्चला दिलं आणि माझ्या नशिबी पाय आले. येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून फादर वर्षातून एका गुरुवारी बारा माणसांना वेदीसमोर खुर्च्यांवर बसवायचे, गुडघे टेकायचे आणि प्रत्येकाच्या उजव्या पायावर पाणी ओतायचे. खाली मी. बाकीचं वर्ष कपाटात, मखमलीत गुंडाळून.

मोठ्या मानाचं काम, असं मलाही वाटायचं. पण खरं सांगू? अठरा वर्षांत एकही मळका पाय माझ्यात आला नाही. सगळे घरून घासूनपुसून यायचे. एकाने तर पावडर लावली होती. पाणी यायचं तसंच नितळ परत जायचं. मग फादर सांगायचे, "तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा." सगळे माना डोलवायचे आणि घरी जेवायला जायचे.

एका वर्षी त्या बाराजणांत टपालकाका होते. उभा जन्म पत्रं वाटत पायी हिंडलेले, आता निवृत्त आणि एकटे. सगळ्यांनी उजवा पाय पुढे केला, काकांनी डावा. फादरांनी खुणेने उजवा मागितला, तर काका हळूच म्हणाले, "डावाच धुवा, फादर. तो चांगलाय." शेजारचा माणूस नाकाला रुमाल लावून खुर्ची सरकवत होता. काकांच्या उजव्या बुटाच्या शिवणीतून ओल आली होती. तो पाय घरी ठेवून येता आला असता, तर काका ठेवून आले असते.

फादरांच्या मागे टॉवेल घेऊन मावशी उभी होती. चर्च झाडणारी, वेदीवरची वस्त्रं धुणारी. तिने ते पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी ती काकांना दवाखान्यात घेऊन गेली. साखरेचा आजार, तळव्याला जखम, दोन बोटं काळी पडलेली. डॉक्टर म्हणाले, बोटं तर जाणारच. जखम रोज धुऊन पट्टी बदलली नाही, तर पायही गुडघ्याखाली कापावा लागेल. काकांच्या खोलीत होती एक बादली, सुजलेला पाय तिच्यात मावेना. मावशीने कुणाला न विचारता मला काखोटीला मारलं आणि तीन जिने चढली.

"मला कुणाची दया नको," काका तोंड फिरवून म्हणाले.

"दया कोण करतंय? पाय इकडे करा. मला अजून चर्च झाडायचंय."

पहिल्या दिवशी पट्टी सुटली आणि मावशी जिन्यात जाऊन ओकली. चूळ भरून परत आली. मग रोज सकाळी येत राहिली. तुम्हाला वाटेल, हसतमुखाने येत असेल. छे, कुरकुरत यायची. पाणी गार आहे म्हणून काका वैतागायचे, ती त्यांच्यावर खेकसायची. एकदा गुडघे चोळत ती दारातच बसली आणि म्हणाली, "प्रभू, तू एकदाच धुतलेस रे बाबा. मला रोज धुवायचेत." मग भिंतीला धरून उठली. प्रेम असं थकलेलंही असतं, हे मला तेव्हा कळलं.

औषधाच्या पाण्याने माझा तळ काळपट जांभळा झाला. एका रविवारी मावशी मला चर्चच्या नळावर घासत होती, तेव्हा कमिटीचे अध्यक्ष तिच्यावर उखडले. "वेदीपुढची वस्तू आहे ही. जखमा धुवायला आहे का?"

"मग कशाला आहे?" मावशीने विचारलं.

फादर तिथेच उभे होते. ते घड्याळाकडे बघत आत निघून गेले.

तीन महिन्यांनी मावशीचे गुडघे असे धरले की तिला अंथरुणातून उठवेना. दोन दिवस मी काकांच्या खोलीत कोरडी पडून होते. काका दाराकडे बघत बसायचे. पट्टीला पुन्हा वास येऊ लागला. आता हा पाय जातो, या भीतीने माझा जीव अर्धा झाला. तिसऱ्या दिवशी जिन्यात पावलं वाजली. फादर आले होते, बाह्या वर सारून. गुडघे टेकायची त्यांना सवय होती, पण पट्टी सुटताच त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तोंडाने श्वास घ्या, फादर," काका म्हणाले. "मावशी तसंच करते."

फादरांनी तसं केलं. जखम धुतली, पट्टी नीट बांधली. निघताना ते दारात थांबले. "काका, त्या गुरुवारी मलाही वास आला होता."

"माहितेय," काका म्हणाले. "उद्या पाणी जरा कोमट करा."

दुसऱ्या दिवशी पाणी कोमट होतं. दोन बोटं गेली, पण पाय वाचला.

पुढच्या वर्षी त्या गुरुवारी अध्यक्षांनी नवी, चकचकीत परात आणून ठेवली होती. फादरांनी मलाच उचललं. काकांची पाळी आली. त्यांनी उजवा बूट काढला, मोजा काढला आणि तीन बोटांचा तो पाय भरल्या चर्चमध्ये पुढे केला. वाटेतली धूळ मोज्यातून आत शिरून बोटांच्या बेचक्यांत बसली होती. काठीवर टेकलेली मावशी पुटपुटली, "अहो, घरून धुऊन तरी यायचं." फादरांनी पाणी ओतलं आणि माझ्या जन्मात पहिल्यांदाच त्या गुरुवारचं पाणी गढूळ झालं.

त्यानंतर मी मखमलीत गेले नाही. कुणाची जखम धुवायची असेल, तिथे मला नेतात; आज या घरी, उद्या त्या घरी. बुडाला बारीक चीर गेलीय, खाली फडकं अंथरून मला वापरतात. थकलेय मी, खोटं कशाला बोलू? पण कपाटात ठेवू नका. कुणीतरी ती चीर तेवढी बुजवून द्या. आणि तुमच्यातलं कुणी दुखरा पाय मागे ओढून बसलं असेल, तर तोच पुढे करा. घरून धुऊन आणू नका.