पाड्याकडचे दार

“थांबा, थांबा! परत डोकं उत्तरेला आलं!”

विमलाबाई दोन्ही हात वर करून ओरडल्या. रावजींनी ब्रेक दाबला, तशी गाडीतली भांडी एकमेकांवर आपटली.

सुरगाण्याच्या अलीकडे, घाट चढून आल्यावर, आडरस्ता संपतो तिथे हा लांबट माळ होता. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला उतार. गाडी इथे दोनच तऱ्हांनी उभी राहू शकत होती: तोंड दक्षिणेला आणि मागचे दार उत्तरेला, नाहीतर बरोबर उलटे. रावजींना उलटे हवे होते, कारण मग दारातून घाटाची सगळी वळणे दिसली असती. विमलाबाईंना ते मुळीच चालणार नव्हते. उत्तरेला डोके करून निजवतात ते प्रेताला, आणि दक्षिणेला दार कोणी शहाणा माणूस ठेवत नाही.

“अगं, एका रात्रीचा तर प्रश्न आहे.”

“जे व्हायचं ते एका रात्रीतच होतं,” विमलाबाई म्हणाल्या. “आयुष्यभर विमानांचे पत्रे ठोकलेत, पण उशी कुठल्या बाजूला येणार ते बायकोला विचारायचं सुचलं नाही.”

हे मात्र खरे होते. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाल्यावर रावजींनी जुनी मेटॅडोर घेतली आणि वसाहतीतल्या अंगणात वर्षभर खपून तिचे घर केले. दोन्ही बाजूंना दोन पलंग, मध्ये चालण्यापुरती पट्टी, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, मागच्या दाराला लोखंडी पायऱ्या. पलंगांची उशाकडची बाजू त्यांनी ड्रायव्हरच्या केबिनकडे अशी पक्की रिवेट केली होती की ती आता हलायची तर अर्धी गाडी सोडवावी लागली असती. कारखान्याच्या धावपट्टीवरून उडून गेलेली विमाने त्यांनी किती पाहिली असतील, त्यांची त्यांनाही गणती नव्हती. स्वतः ते नाशिक रोडच्या पलीकडे फारसे कुठे गेले नव्हते. आता जायचे होते, आणि विमलला घेऊन जायचे होते. एवढेच त्यांना हवे होते आणि ते मनापासून हवे होते.

फक्त एक गोष्ट त्यांनी विमलाबाईंना सांगितली नव्हती. गाडी शाळेची होती असे ते म्हणाले होते. ती शाळेची नव्हती. नाशिकमधल्या एका ट्रस्टची ती शववाहिका होती, लिलावात कोणी हात लावत नव्हते म्हणून मिळालेली. पांढऱ्या रंगावर त्यांनी पिवळा रंग दोनदा दिला, तरी दव पडले की उजव्या अंगावर जुन्या अक्षरांचे उंचवटे दिसत. म्हणून रावजी रोज पहाटे उठून गाडी पुसत आणि विमलाबाई शेजारणीला कौतुकाने सांगत की लेकरालासुद्धा यांनी कधी इतके पुसले नव्हते. खरे कळले तर ही बाई पुन्हा गाडीत पाऊल ठेवणार नाही आणि बहुतेक आपल्या कुठल्या शब्दावर विश्वासही ठेवणार नाही, हे रावजींना पक्के ठाऊक होते.

शेवटी विमलाबाईंचेच झाले. गाडीचे दार उत्तरेला आले. त्या बाजूला, उताराखाली, पाड्याची थोडी कौलारू घरे होती. नागलीची कापणी उरकून निम्मी माणसे द्राक्षांच्या कामाला खाली गेली होती, त्यामुळे धूर दोन-तीन घरांतूनच येत होता. ऊन कलले होते. विमलाबाईंनी चहाचे आधण ठेवले.

तेव्हा रावजींना ती बाई दिसली. खडकाशी उभी होती. म्हातारी, काटक, गुडघ्यापर्यंत नेसलेले लुगडे, काखेत रिकामी पाटी. ती गाडीकडे पाहत होती आणि बराच वेळ पाहत होती.

“काय हवंय, आजी?”

ती जवळ आली. “बारकूनं धाडलंय मला. पाड्यातला मोठा हाय तो. गाडी फिरवा बोलला. दार पाड्याकडं नको.”

रावजी पटकन उठले. खिशातली चावी हातात आलीसुद्धा. “फिरवतो की. त्यात काय.”

“फिरवतो काय?” विमलाबाई दारातून म्हणाल्या. “आत्ता कुठे नीट लागलीय. बाई, फिरवली तर आमचं डोकं उत्तरेला येतं हो. तुम्ही जाणत्या आहात, तुम्हाला सांगायला नको. या, आत या. चहा घ्या, मग बोलू.”

“कशाला त्यांना वर चढायला लावतेस? बाहेरच दे,” रावजी म्हणाले. पण म्हातारीने पाटी खाली ठेवली होती आणि पायरीवर पाय दिला होता.

आत शिरताना ती न बघता वाकली. तिचा उजवा हात खिडकीखालच्या दांड्याकडे गेला, ज्यावर विमलाबाईंनी टॉवेल वाळत घातला होता. टॉवेल बाजूला सारून तिने दांडा धरला आणि ती दोन पलंगांमधल्या पट्टीवर, चाकाच्या उंचवट्याला पाठ लावून खाली बसली.

“अहो, वर बसा ना पलंगावर.”

“नाय. मी हिथंच बसलेली.”

विमलाबाई कपबशी घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

“त्याचं डोकं तिकडं होतं,” म्हातारीने केबिनकडे हात केला. तिथे विमलाबाईंची उशी होती, नव्या अभ्र्याची. “पाय दाराकडं. वळणाला हालायचा, म्हणून एक हात त्याच्यावर आन् एक हात या दांड्याला. नाशिकपासनं.”

“कोणाचं डोकं?”

“माझ्या बुधाचं. बागंत कामाला गेलेला. ताप आला. तिथल्या दवाखान्यात गेला.” तिने दांड्यावरून बोटे फिरवली. “रंग बदललास तू दादा. दांडा नाय बदलला.”

रावजी दाराबाहेर उभे होते. त्यांनी मान खाली घातली. विमलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि कपबशी म्हातारीच्या हातात दिली.

“नाव काय तुमचं?”

“तानुबाई.”

“चहा घ्या, तानुबाई.”

तानुबाईने चहा बशीत ओतला, फुंकला, पण प्यायली नाही. बशीकडे बघतच ती बोलू लागली.

“आमच्यात बाहेर मेलेलं माणूस शिवेच्या आत आणत नाय. शीव खाली राहिली, वळणावर. तिथंच उतरवायचं, तिथनंच न्यायचं. डायवर बोलला, आई, कुठवर नेऊ? मी बोलले, रस्ता हाय तिथवर ने. मग हिथं आणली गाडी. दार असंच पाड्याकडं करून लावली त्यानं. मला वाटलं, बुधा येवढा लांबून आलाय, घर तरी बघंल. दुसरं काय नव्हतं माझ्या मनात.”

“मग?”

“मग तो गेलाच नाय. हिथंच हाय. बारकूला दिसला. शकुबाईला दिसला, पाण्याला जाताना. तिन्हीसांजेला घाटातनं चालत येतो, आन् गाडी होती तिथं येऊन उभा रातो म्हणतात. पोरं घाबरत्यात. कुणाचं ढोर मेलं तरी मलाच बोलत्यात, तू आणलास त्याला. मी काय बोलणार? मीच आणला.” तिने बशी खाली ठेवली. “आज गाडी बघितली आन् सारा पाडा घरात जाऊन बसलाय. म्हणून बारकूनं मला धाडलं. दार फिरवलं तर तो परत वळंल, बोलला. जाईल वाटेनं.”

“आणि तुम्हाला?” विमलाबाईंनी हळूच विचारले. “तुम्हाला कसा दिसतो?”

तानुबाईने मान हलवली.

“मला नाय दिसत.”

“कधीच नाही?”

“रोज येते मी हिथं. शेण्या गोळा करते बोलते, आन् अंधार पडंपर्यंत बसते. साऱ्यांना दिसतो. मलाच नाय दिसत.”

खाली एक कुत्रे भुंकले आणि लगेच गप्प झाले. उताराखालच्या घरांची दारे खरोखरच बंद होती. विमलाबाई पायऱ्या उतरून रावजींपुढे आल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

“चावी द्या.”

रावजींनी दिली. विमलाबाईंनी ती पदराच्या टोकात बांधली.

“तानुबाई, बसा तुम्ही. हवं तेवढा वेळ बसा. दार उघडं ठेवते,” त्या म्हणाल्या. “गाडी आज हलणार नाही. त्या बारकूला सांगा, फिरवली तर आमचं डोकं उत्तरेला येतं.”

पायऱ्यांच्या समोर एक बसका दगड होता. दोघे त्यावर जाऊन बसले. रावजींना वाटले होते की आता कडाडून भांडण होईल. त्यासाठी त्यांनी मनातल्या मनात उत्तरे तयार ठेवली होती, गेले वर्षभर.

“शाळेची गाडी म्हणालात.”

“हो.”

“मला खरं का नाही सांगितलं?”

“तू बसली नसतीस.”

“नसतेच बसले.”

मग त्यांनी पदराची गाठ चाचपली. ओरडल्या असत्या तर बरे झाले असते, असे रावजींना फार वाटले. एवढ्या वर्षांच्या संसारात आपण या बाईला इतके घाबरलो आणि इतके कमी ओळखले, याची त्यांना लाज वाटली.

“विकून टाकतो मी ती,” ते म्हणाले. “उद्या सरळ घरी जाऊ.”

विमलाबाई गाडीच्या कडेने घाटाच्या रस्त्याकडे बघत होत्या. सूर्य डोंगराआड गेला होता आणि रस्त्याचा तेवढा पट्टा अजून फिकट दिसत होता. त्यावर कोणी नव्हते. वारा पडला होता. आतला दिवा कोणी लावला नव्हता, त्यामुळे दाराच्या चौकटीत काही दिसत नव्हते, म्हातारीचे पांढरे केससुद्धा.

“ती झोपली की काय?” रावजी कुजबुजले. “बघून येऊ?”

“बसा.”

तेवढ्यात आतून आवाज आला. हलका, घरातल्या माणसाशी बोलावे तसा.

“ये रे. दार उघडंच हाय.”

रावजींनी रस्त्याकडे पाहिले, खडकाकडे पाहिले. कुठे काही नव्हते. विमलाबाईंनी पदर सावरला, उठून दगडाच्या एका कडेला झाल्या आणि रावजींच्या दंडाला धरून त्यांनाही ओढले.

“सरका जरा,” त्या म्हणाल्या. “वाटेतच बसलोय आपण.”

रावजी सरकले.